जमिनीपासून चार बोटं

३ डिसेंबर, रविवार

प्रिय ताई,

तुम्ही दोघं ठणठणीत असाल. वेधशाळेच्या डोंगरावर पाण्याचे पाइप गोठलेत आणि भावोजी बर्फ वितळवून दाढी करतात, हे वाचून खारू पोट धरून हसली. तुमचा फोन पहिल्या बर्फापासून बंद, आणि उद्या टपालाची गाडी वर जाईल, म्हणून घाईने लिहायला बसले.

एक सांगायचं आहे, घाबरू नकोस. काल खारूचा पाय दुखावला. माझ्या क्लासमध्ये घसरली. डाव्या मांडीच्या मागे, अगदी वरच्या बाजूला लागलंय. मी लगेच गाडी करून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. शुक्रवारी पुन्हा काढतील. तोवर पाय टेकवायचा नाही, म्हणून कुबड्या दिल्यात.

काल निवडीचा दिवस होता. मोठ्या बॅले शाळेच्या परीक्षक बाई आल्या होत्या. पोरींचं अंग नीट गरम करून घेतलं होतं, नेहमीसारखं पाव तास. आधी चालणं, मग हलकं धावणं, घोटे फिरवणं, पाय झुलवणं, आणि त्यानंतरच ताण. तुला माहीत आहे, त्यात मी कधी कसूर करत नाही. फरशी जरा गुळगुळीत आहे, तिचाच दोष.

खारू शहाण्यासारखी पडून आहे. आमच्या पियानोवाल्या काकांनी तिला जाडजूड गोष्टींचं पुस्तक आणून दिलंय, त्यात डोकं खुपसून असते. मी उशी सरकवायला गेले की म्हणते, "राहू दे मावशी, मी करते." मोठी झाली गं, बारा वर्षांची.

खाली तिला दोन ओळी लिहायला दिल्यात.

तुझी,
धाकटी

आई, मी घसरले. मावशीने खूप काळजी घेतली. तू आणि बाबा काळजी करू नका. मला परत न्यायला येऊ नका. — खारू


१० डिसेंबर, रविवार

ताई,

तुझं उत्तर मंगळवारी खाली आलं. तू लिहिलंयस, "तू जवळ होतीस म्हणून निभावलं. परक्यांच्या हातात असती तर माझ्या जिवाला घोर लागला असता." पाच दिवस ते पत्र माझ्या पिशवीत आहे. दुसऱ्यांदा उघडायचा धीर झाला नाही.

खारू घसरली नाही.

त्या दिवशी हॉलची किल्ली घेऊन रखवालदार अर्धा तास उशिरा आला. हीटर नुकता लावलेला, आत शिरलो तर तोंडातून वाफ निघत होती. परीक्षक बाई कोट न काढताच खुर्चीत बसल्या आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "मला पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय. सुरू करू या?" मी म्हणायला हवं होतं, पाव तास थांबा. भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेली पाटी आहे, अंग गरम झाल्याशिवाय ताण नाही. बाईंच्या डोक्याच्या बरोब्बर वर. मी म्हटलं, "हो, करू या ना."

पोरींनी दोन चकरा मारल्या आणि मी त्यांना थेट स्प्लिटमध्ये बसवलं, एक पाय सरळ पुढे, एक सरळ मागे. खारू अडकली. जमिनीपासून चार बोटं वर. रोज ती पूर्ण बसते, पण सगळं झाल्यावर, घामेजून. बाई वहीत काहीतरी लिहायला लागल्या. मला वाटलं, यांना ही चार बोटंच दिसणार, माझं वर्षभराचं शिकवणं दिसणार नाही.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मावशी, मागे ओढतंय," ती हळूच म्हणाली.

"ओढणारच. श्वास सोड."

"नको ना, खरंच ओढतंय."

मी दोन्ही हात तिच्या कमरेवर ठेवले आणि दाबलं.

आवाज आला, ताई. जाड दोरा तुटावा तसा. पियानो थांबला. खारू रडली नाही, ओरडली नाही, नुसती कुशीवर कलंडली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याबद्दल मी लिहू शकत नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मांडीमागचा स्नायू बसायच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथून हाडाचीच कपची ओढली गेली आहे. या वयात तिथलं हाड पुरतं जुळलेलं नसतं, स्नायूच्या आधी तेच सुटतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे झालं कसं?" मी तोंड उघडायच्या आत खारू म्हणाली, "मी घसरले." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. चाळिशीची बाई मी, आणि बारा वर्षांच्या पोरीच्या खोटेपणाआड लपले.

कपची आणखी सरकली तर शस्त्रक्रिया करावी लागेल, असं ते म्हणाले होते. जिन्यावर कुबडीचा आवाज थांबला की मी हातातलं टाकून धावायचे. दाराची घंटा वाजली की वाटायचं, कुणा मुलीची आई आली, तिला कळलं. पण सगळ्यात जास्त धसका मला एका बारीकशा गोष्टीचा बसलाय. पांघरूण सारखं करायला मी हात पुढे केला की खारूचा पाय ताठ होतो. ती हसून बोलत असते आणि पाय आपोआप ताठ होतो. तिलाही ते कळत नसावं.

शुक्रवारी दुसरा एक्स-रे झाला. कपची सरकलेली नाही. शस्त्रक्रिया नको. सहा आठवडे कुबड्या, मग हळूहळू व्यायाम. "नाचेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "बहुतेक. पण आज शब्द देत नाही." मग मी त्यांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागदावरचा एक शब्द खोडून दुसरा लिहिला.

घरी येताना गाडीत खारूने कुबड्या मांडीवर घेतल्या. मग म्हणाली, "का सांगितलंस?"

"तू माझ्यासाठी खोटं बोलत होतीस."

"तुझ्यासाठी नाही. आईला कळलं तर ती मला घेऊन जाईल. मग मी कुठे शिकू?"

मला वाटत होतं, पोरगी मला वाचवतेय. तिला माझी भीती वाटते, आणि माझ्यापासून दूर जायचीही वाटते. या दोन भीतींच्या मध्ये तिला मी आणून उभं केलंय.

काल संध्याकाळी मी सगळ्या मुलींच्या आयांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं. दोघी तिथल्या तिथे आपापल्या मुलीला घेऊन गेल्या. एकीने विचारलं, "याआधीही मुलींना असं दाबायचात का?" मी म्हटलं, "हो. त्यांचं काही मोडलं नाही, म्हणून मला ते शिकवणं वाटायचं." उरलेल्या येतील की नाही, ठाऊक नाही. वर्ग सध्या बंद आहे.

हे पत्र लिहायच्या आधी खारूला सांगितलं की आईला सगळं कळवतेय. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग तशीच म्हणाली, "मी तेव्हा नको म्हटलं होतं, तेही लिही." लिहिलंय.

उद्या हे तुला मिळेल आणि परवा गाडी खाली येते. तू त्या गाडीत असशील, हे मला माहीत आहे. तिला न्यायचं की ठेवायचं, ते तू आणि तिने ठरवा. मी मध्ये बोलणार नाही. मला जितकं बोलायचं तितकं बोल, पण तिच्यासमोर नको. तिला वाटेल, तिच्यामुळे झालं.

तिचे कपडे मी बॅगेत भरलेले नाहीत. भरायला घेतले होते, हात चालला नाही.

तू येईपर्यंत तिला हात न लावता तिच्याजवळ बसून असलेली,
तुझी धाकटी