नकाशावर कोरं रान

३ फेब्रुवारी, सोमवार

नकाशा तयार झाला! देशातली कुठली रानं आधी वाचवायची ते आता आम्हाला कळलंय. म्हणजे आमचे नकाशे करणाऱ्या चाफाकच्या संगणकाला कळलंय, आम्ही नुसत्या माना डोलावल्या. जिथे दुर्मीळ झाडं जास्त, तिथे लाल. सगळ्यात लालभडक ठिपका देशाच्या बरोबर मधोमध. ओंबोलो साहेब खूश. "इतकी वर्षं नाकासमोर होतं आणि एकालाही दिसलं नाही!" आमचं वनस्पती संग्रहालय चालवतात ते, त्यामुळे नाकासमोरचं न दिसण्याचा अनुभव दांडगा.

१४ मार्चला यादी मंत्रालयात जाणार. यादीत आलेलं रान कुणाला देता येणार नाही. न आलेलं पामतेलवाल्यांचं.

न्याकुमचा रंग पाहिला. पांढरा. जिथे मी लहानाची मोठी झाले तिथल्या रानात काहीच उगवत नाही, हे आज समजलं. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लालभडक ठिपका प्रत्यक्ष बघायला गेलो. हाडं खिळखिळी करून पोचलो तर — ट्रक थांबायचा नाका. चार ट्रक, मासे भाजणारी एक बाई, एक बकरी. दुर्मीळ म्हणावं असं काही असेल तर ती सावली, आणि तीही आंब्याची.

मग चाफाकच्या डोक्यात उजेड पडला. जुन्या काळच्या गोऱ्यांनी झाडाच्या वाळवलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून नुसतं 'कॅमेरून' लिहिलेलं. तसे शेकडो नमुने आमच्या कपाटांत, आणि नकाशा त्यांच्यावरूनच केलेला. संगणकाने बिचाऱ्याने ते सगळे देशाच्या मध्यावर नेऊन लावले. साहेब बराच वेळ त्या आंब्याकडे बघत उभे होते. बकरी त्यांच्याकडे.

मासे झकास होते. सोबत पानात उकडलेला कसाव्याचा मियोंडो आणि झणझणीत मिरची. दौरा अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

तो ठिपका काढला. आता सगळ्यात लाल काय, तर डोंगरातल्या विश्रामगृहाला जाणारा रस्ता. दोन्ही कडांनी. झाडांना विश्रामगृहाची ओढ आहे अशातला भाग नाही. गाडी जाते तिथवर आम्ही जातो, थंड बिअर मिळते तिथे उतरतो आणि हात पोचेल ते तोडतो. मीसुद्धा.

न्याकुमला कुणी काही तोडलेलं नाही, कारण तोडू देत नाहीत. म्हणून तिथला एकही नमुना आमच्या कपाटात नाही. म्हणून तिथे झाडं नाहीत. हे मी साहेबांना शांतपणे समजावलं. तिथल्या एका झाडाचे फोटोही दाखवले. लहानपणापासून बघतेय, सगळी कपाटं उपसली, त्याच्यासारखं दुसरं नाही.

"फोटो कपाटात ठेवता येत नाही, न्तूबे. फांदी आण. पानं, फूल, फळ, तिन्ही एकाच फांदीला. नमुना नाही तर झाड नाही."

आणि फांदी आणली की न्याकुम यादीत? "लगेच!" सौदा किती सोपा!

११ फेब्रुवारी, मंगळवार

युवक दिनाची सुट्टी. पोरांची परेड, मंत्र्यांचं भाषण: देशाचं भविष्य हिरवं आहे. घरी येऊन फुफूचा गोळा आणि एरूची पालेभाजी खाल्ली आणि झोपले.

२२ फेब्रुवारी, शनिवार. न्याकुम

कंपनीचे लोक आधीच हजर. रानाच्या कडेला लाल टोकाचे खुंट ठोकलेत. एकजण फार अदबीने म्हणाला, "ताई, आम्ही फक्त यादीची वाट बघतोय." मीही तेच करते हे त्याला सांगितलं नाही.

रानाची राखण मेसोदे मावशीकडे. आधी तिच्या आईकडे होती. आत अनवाणी जायचं. तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही. तोडलंच तर त्याच दिवशी गाव सोडायचं, ते कायमचं. मेल्यावरही परत यायचं नाही. गावातल्या एकाने नावाच्या पोराने बकरी हाकायला एक काठी मोडली होती. तो आता कुंबा शहरात म्हातारा होतोय. आई गेली तेव्हा वरच्या रस्त्यावर उभा राहून लांबून मयत बघितली त्याने.

गावच्या प्रमुखाकडे गेले. ताडी दिली, कोलाच्या बिया दिल्या, विचारपूस केली. मग मी सूट मागितली. "तुला सूट दिली तर एकानेला काय तोंड दाखवू?"

ते झाड फुललंय. पांढरी फुलं, लाल फळं, एकाच फांदीला — साहेबांचा हुकूम त्यालाही पोचला असावा. पिशवीत कात्री होती. हात आत गेला. कात्रीला लागला. परत आला. वळून बघते तर मागे मावशी.

"कात्री कशाला आणलीस?"

"सवयीने असते गं."

"सवय." एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. नकाशा, यादी, खुंट.

"म्हणजे ज्यांनी तोडलं त्यांचं रान राहणार, आणि आम्ही तोडलं नाही म्हणून आमचं जाणार?"

"तसंच."

"आणि हे शिकायला तू एवढी वर्षं शहरात राहिलीस?" खोकला लागेपर्यंत हसली. मला मात्र रडू आलं. रागाने.

२३ फेब्रुवारी, रविवार. न्याकुम

मावशीबरोबर रानाच्या कडेला गेले. तिच्या नवऱ्याची कबर तिथे. ती रोज सकाळी झाडते. शेजारची मोकळी जागाही झाडते. "ही माझी खोली. भाडं नाही, शेजार चांगला." गंमतच वाटते तिला त्याची.

झाडता झाडता विचारलं, "केवढी फांदी लागते गं तुमच्या कपाटाला?"

कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. मग माझी शिकवणीच सुरू झाली — तिरका काप द्यायचा, पानं सपाट पसरायची, वर्तमानपत्रात दाबायची, कागद बदलत राहायचा. ती मन लावून ऐकत होती. म्हातारीचा वेळ बरा जातोय, असं मला वाटलं.

उद्याच्या मोटारसायकलने परत. हात हलवत.

३ मार्च, सोमवार

माझी कात्री सापडत नाही. चाफाकवर ओरडले. त्याने उगाच माफीही मागितली.

७ मार्च, शुक्रवार

कुंबाच्या बसवाल्याने पार्सल आणून दिलं. वर केळीचं पान, आत वर्तमानपत्र, आत फांदी. पानं, फूल, फळ! तिरका काप. पानं अशी पसरलेली की आमच्या शिकाऊ उमेदवारांना दाखवावीत. आणि सोबत माझी कात्री, पुसून लख्ख केलेली.

म्हणजे प्रमुखांनी सूट दिली तर! मावशीने गळी उतरवलं असणार, तिच्यापुढे कुणाचं चालतं? फोन लावला, पण न्याकुमला फोन लागेल तो दिवस वेगळा. चाफाकची माफी मागितली.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. सगळ्याजणी एकाच छापाच्या कापडात. साहेबांनी भाषणात निसर्ग ही आपली आई आहे असं सांगितलं आणि आईला दीड तास उन्हात उभं ठेवलं.

१४ मार्च, शुक्रवार

यादी गेली. न्याकुम लाल! भडक लाल. एका फांदीवर. रान तेच, झाडं तीच, फक्त आता ती खरी आहेत. खुंट उपटावे लागणार! साहेब म्हणाले, "बघ, नियम पाळला की सगळं होतं." आज त्यांच्यावर रागवायलाही जमलं नाही, इतकी मी आनंदात.

चिठ्ठीवर एक रकाना राहिलाय, गोळा करणाऱ्याचं नाव. "तुझं टाक की," साहेब म्हणाले. नाही टाकलं. कुणी तोडली ते मावशीला विचारून टाकीन.

१६ मार्च, रविवार

दारात मावशी. डोक्यावर बोचकं, काखेत झाडू. चार तारखेपासून कुंबात एकानेकडे होती म्हणे. "मी कुणाला विचारलंच नाही गं. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं."

चिठ्ठीवर लिहिलं: मेसोदे. न्याकुम. नमुना क्रमांक १.

ती पाणी प्यायली, खोल्या बघून आली आणि झाडू घेऊन उभी राहिली. "तुझं अंगण कुठंय गं? झाडून घेते."

मी चौथ्या मजल्यावर राहते.