एक्केचाळिसावं घर

सोमवार, २२ एप्रिल

प्रिय बेबीस,

अनेक आशीर्वाद.

डोळा बरा आहे. कालपासून वाचायला-लिहायला परवानगी मिळाली. पहिलंच जे वाचलं, ते वाचण्यापेक्षा आणखी आठ दिवस पट्टी राहिली असती तर बरं, असं वाटलं. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशीलच. कर.

चार दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उचललास तरी तू रडशील, मी आवाज चढवेन आणि मुद्दा बाजूलाच राहील. दोन बसथांब्यांवर राहणाऱ्या बहिणीला टपालाने पत्र पाठवायचं हे हसण्यासारखं आहे, ते मलाही कळतं.

मुद्दा असा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुला वही दिली, ती घरांचे पत्ते आणि फोन नंबर टाइप करून संगीत महोत्सवाच्या समितीच्या चिटणिसाला पाठवण्यासाठी. तेवढ्यासाठीच. प्रत्येक पानावर डावीकडे पत्ता, खाटा किती, न्हाणीघर आत की बाहेर. उजवीकडे शेरा. तो रकाना माझा आहे. कुणाला कुठे पाठवायचं हे मी त्यावरून ठरवते. हॉटेल न परवडणारे गायक-वादक आणि नुसतं गाणं ऐकायला लांबून येणारी मुलं, यांना बावीस उन्हाळे या वहीच्या जोरावर मी लोकांच्या घरांत जागा मिळवून दिली. वसतिगृहाची रेक्टर म्हणून तीस वर्षं जे शिकले, ते सगळं त्या उजव्या रकान्यात आहे.

तो रकाना आता महोत्सवाच्या वेबसाइटवर आहे. कुणीही वाचावा.

दातांचे डॉक्टर: ‘खोली उत्तम. मालक स्वतः पहाटे गातात. ज्याला गाण्यातलं कळतं त्याला पाठवू नये.’ बेकरीवाल्या बाई: ‘न्हाणीघराची कडी लागत नाही. तीन वर्षं सांगते आहे.’ शिंपीणबाई: ‘गादी बसलेली. पाठीचं दुखणं असलेल्याला नको.’ निवृत्त पोस्टमास्तर: ‘नजर चांगली नाही. एकट्या मुलीला मुळीच नको.’

पोस्टमास्तरांच्या बायकोचा फोन आला होता. नुसती फोन धरून होती.

चिटणिसाला मी समोर बसवून विचारलं. पोरगा घामाघूम झाला. म्हणाला, “मावशी, मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, हा शेऱ्यांचा भागही टाकायचा का? तर म्हणाल्या, सगळं जसंच्या तसं टाक, आमच्या ताईचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

“आणि तू टाकलंस? न वाचता?”

“मावशी, चाळीस घरं होती.”

तू जन्मभर कचेरीत टायपिस्ट होतीस. चाळीस शेरे, आणि एक काना इकडचा तिकडे नाही. चुकून झालं असं म्हणायची सोय तू स्वतःलाही ठेवली नाहीस.

मी त्याला तो रकाना तासाभरात काढायला लावला, पण तोवर गावाने वाचून टाकला होता. एकोणीस घरांनी यंदा खोली नाही म्हणून कळवलंय. महोत्सव सतरा दिवसांवर आला आहे. माझं काय व्हायचं ते होवो, पण ज्या मुलांना मी ‘या, जागा आहे’ म्हणून लिहिलं, ती कुठे झोपणार? तू गुरुवारी सकाळी नऊ वाजता माझ्याबरोबर यायचंस, या एकोणीस घरी, आणि सांगायचंस की हे छापायचं नव्हतं आणि ते तू छापलंस. एवढं तरी कर.

आणि वही परत दे. त्यातली दोन पानं पिनने जोडलेली होती. ती तशीच असतील असं मी धरून चालते.

ताई


मंगळवार, ३० एप्रिल

बेबी,

गुरुवारी नऊपासून पावणेदहापर्यंत मी बसथांब्यावर उभी होते. तू येणार नाहीस हे नऊलाच कळलं होतं. पाऊण तास उगीच थांबले.

काल तुझं पाकीट आलं. त्यात वही नाही, चिठ्ठी नाही. फक्त एक पान, वरच्या कोपऱ्यात पिनची दोन भोकं.

यादीत चाळीसच घरं आहेत, वहीतलं एक कमी आहे, हे मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. सगळ्यांची अब्रू वेशीवर टांगलीस आणि स्वतःचं पान तेवढं काढून ठेवलंस. म्हटलं, बघा कशी हुशार. पान हातात आल्यावर कळलं की ते तू लोकांसाठी काढलं नव्हतंस.

त्याच्याकडे मी नंतर येते. आधी त्या घरांचं सांगते.

एकटीच गेले. दातांच्या डॉक्टरांनी दार उघडलं आणि मला बघून हसायलाच लागले. “या, या! अहो, आमच्या हिने तो शेरा मोठ्या अक्षरांत काढून आरशाला चिकटवलाय. चाळीस वर्षं ती हेच सांगत होती, आता लेखी पुरावा मिळाला म्हणते.” त्यांनी खोली दिली. बेकरीवाल्या बाईंनी मला न्हाणीघराशी नेलं, नवी कडी लावून दाखवली, काढून दाखवली, परत लावून दाखवली. “आता लिहा,” म्हणाल्या. त्यांचीही खोली मिळाली. पोस्टमास्तरांकडे मी गेले नाही. तो शेरा मी मागे घेणार नाही, आणि तो उघड झाला याचं मला वाईट वाटत नाही. बायकोचं मात्र वाटतं.

शिंपीणबाईंकडे काल गेले, त्या मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही.

“बसा,” म्हणाल्या. “गादीवर नको, खुर्चीवर बसा. गादी बसलेली आहे.”

मी म्हटलं, ते तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

“तेच म्हणते मी. माझ्यासाठी का नव्हतं? अकरा वर्षं येताय. चहा घेता, छान आहे म्हणता. एकदा तोंडावर म्हटलं असतंत, बाई, तुमची गादी बसलीये, तर मी त्याच दिवशी उसवून भरून शिवली असती. शिंपीण आहे मी. हातातलं काम होतं माझ्या.” मग मशीन थांबवून म्हणाल्या, “घरोघरच्या कड्या तपासणाऱ्या कडीबाई फार स्पष्ट बोलतात, असं सगळे म्हणतात. मला तर वहीत बोललेल्या दिसल्या.”

खोली त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, गादी भरून झाली की कळवीन, कुणासाठी भरते आहे ते बघू.

मी उन्हात तिथून चालत घरी आले. घरी आले तर तुझं पाकीट.

पानावर माझं अक्षर: ‘खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर. कडी चांगली. चादरी स्वच्छ. मालकीण एकटी. पाहुण्याला सोडत नाही, बोलत राहते. इथे कोणाला पाठवू नये.’ खाली नऊ वर्षं, आणि प्रत्येकापुढे ‘नको’. नऊ वेळा शाई वेगळी आहे, म्हणजे दर वर्षी मी ते पान उघडून पुन्हा ठरवत होते.

आणि दर वर्षी तू विचारायचीस, “ताई, यंदा तरी कुणी आहे का माझ्याकडे? मी खोली झाडून ठेवलीये.” आणि मी म्हणायचे, “यंदा कलावंत कमीच आलेत गं.” तुझे यजमान गेलेले, मुलगा हजार मैलांवर. तू पडदे धुवायचीस. मी ते दोरीवर वाळताना बघायचे आणि बसमध्ये बसून पुढे जायचे.

हे वाचून तुला काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे असं मी म्हणणार नाही. पण तू एक गोष्ट चुकीची वाचलीस. तो शेरा खोटा आहे. माणसं बोलकी असली म्हणून मी घर कधी कापलेलं नाही. बेकरीवाल्या बाई तर झोपेतही बोलतात.

खरं कारण तो बासरीवाला. तुझ्याकडे मी पाठवलेला पहिला आणि शेवटचा. चार दिवस राहिला, जाताना समितीच्या कचेरीत निरोप घ्यायला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “तुम्ही याच महोत्सवात गायला होतात म्हणे! तुमच्या बहिणींनी सांगितलं. पुन्हा का नाही गायलात?” टेबलाभोवती सहा माणसं होती.

समितीत कुणाला ते ठाऊक नव्हतं. ज्यांना होतं ते सगळे वारले. मी त्या एका गोष्टीवर झाकण ठेवून जगले होते, आणि तू ते एका परक्या पोरापुढे, जेवणाच्या ताटावर, उघडलंस. त्या दिवशी मी घरी येऊन हा शेरा लिहिला. तू माझा विश्वासघात केलास असं मला वाटलं. तुला तसं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. मी सांगितलं नाही. नऊ वर्षं तुला रिकाम्या खोलीत बसवून ठेवलं, आणि कशाबद्दल ते कळूही दिलं नाही.

म्हणून तू जे केलंस ते बरोबर ठरत नाही. माझ्यावर राग होता तर माझं पान छापायचंस. त्या चाळीस माणसांनी तुझं काय केलं होतं?

अजून आठ पाहुण्यांना जागा नाही.

ताई


गुरुवार, ९ मे

प्रिय बेबी,

आज संध्याकाळी पहिला कार्यक्रम. सगळ्यांची सोय झाली. शिंपीणबाईंनी गादी भरली आणि एका व्हायोलिनवालीला ठेवून घेतलं. मला आत बोलावलं नाही, दारातूनच ‘बघून घ्या’ म्हणाल्या.

काल चिटणीस म्हणाला, “मावशी, ते एक्केचाळिसावं घर सगळ्यात आधी भरलं.” मी म्हटलं, कुठलं एक्केचाळिसावं? त्याने पडद्यावर दाखवलं. तुझा पत्ता, आणि तूच टाइप केलेलं: ‘खोली हवेशीर. मालकीण खूप बोलते. ज्याला चालेल त्यानेच यावं.’ तिघांनी मागितलं होतं, दोघांना तू घेतलंस, तिसऱ्याला चटई टाकते म्हणून सांगितलंस. त्या आठांतले हे तिघे. मला विचारलं नाहीस. विचारायला हवंच होतं असंही नाही.

दुपारी पाहुण्यांच्या प्रवेशपत्रिका वाटत मी तुझ्या फाटकापर्यंत आले होते. वरची खिडकी उघडी होती. कुणीतरी पोटभर हसत होतं आणि तुझा आवाज वरपर्यंत चढलेला. मध्येच ‘आमची ताई’ एवढं ऐकू आलं. पुढचं ऐकलं नाही. पत्रिका पेटीत टाकून परत फिरले. घंटा वाजवायला हवी होती. माझ्याच्याने झालं नाही.

समितीच्या कामातून मी आजपासून मोकळी झाले. चिटणिसाला सांगितलं, पुढच्या वर्षी मालकांनी आपापल्या घराविषयी स्वतःच लिहावं. वही तुझ्याकडेच राहू दे, नाहीतर जाळ. मला नको.

चाळीस घरांसमोर तू मला उघडं पाडलंस, ते मी विसरणार नाही. शिंपीणबाईंच्या खुर्चीवर बसले होते तेव्हा जे झालं, ते माझ्या सख्ख्या बहिणीने केलं. ते तसंच राहील. मी तुझ्याशी जे केलं तेही तसंच राहील, मी काही मागत नाही.

पण एक राहिलं आहे. मागच्या पत्रात मी ते अर्धंच लिहिलं, आणि इतकी वर्षं मला ते अर्धंच आठवायचं असायचं.

बासरीवाल्याचं वाक्य मी तुला पुरतं सांगितलं नाही. तो म्हणाला होता, “तुमच्या बहिणींनी सांगितलं, फार सुंदर गात होत्या, पण अंगात ताप होता म्हणून मध्येच उठावं लागलं. पुन्हा का नाही गायलात?” मला फक्त एवढंच ऐकू आलं की त्याला कळलंय. तू त्याला काय कळवलंस, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

महोत्सवात गायला बसले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तिसऱ्या रांगेत दोघं एकमेकांकडे बघून हसले. कदाचित माझ्यावर नसतीलही. मी उठले आणि चालत बाहेर गेले. तू सतरा वर्षांची, माझ्या मागे सूर धरून बसलेली. तू उठली नाहीस. तुला वाटलं मी परत येईन. लोक कुजबुजले, मग हसले, मग उठून जायला लागले, आणि तू सूर धरून बसून राहिलीस. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी बाहेर भिंतीला टेकून ते ऐकत होते. आत यायला वीस पावलं होती.

त्यानंतर घरी कुणी विचारलं की तू सांगायचीस, ताईला ताप होता. आईला सांगितलंस, नवऱ्याला सांगितलंस, त्या पोरालाही तेच सांगितलंस. तसं सांगायला मी तुला लावलं नव्हतं.

आता तुझ्याकडे तिघं आहेत आणि तू बोलणारच आहेस. बोल. पण खरं ते सांग.

मला ताप नव्हता.

तुझी
ताई