आधी कान, मग सांडशी

अण्णा, आज एका कारखान्यात एका तरण्या कामगारानं माझ्यासमोर कानातले बोळे काढून तेलाच्या डबक्यात फेकले आणि माझा हात उठला. मारलं नाही मी. पण उठला होता, त्यानंही पाहिला आणि मीही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो. हात मात्र जसाच्या तसा आठवतो. जाड, भाजल्याचे पांढरे डाग पडलेला, आणि पडायच्या आधी कसलीही सूचना न देणारा. मी सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात कान तपासायचं काम करते. कारखाने बोलावतात तेव्हा आम्ही गाडी घेऊन जातो, गाडीतच एक बंद खोली आहे, तिच्यात एकेका कामगाराला बसवून त्याला किती ऐकू येतं ते पाहायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, हे कसलं काम. तो पोरगा मला म्हणाला, "मॅडम, हे घातलं की मशीनचा आवाज कळत नाही, काम कसं करायचं?" तुम्ही हेच म्हणायचात, फक्त मॅडम न म्हणता.

तुम्ही हडपसरकडच्या कारखान्यात मोठ्या हॅमरवर होतात. वारज्यात तेव्हा आपल्या घरामागं ऊस होता, आणि भावकीतले सगळे शेतीत असताना तुम्ही सायकल मारत स्वारगेट गाठायचात, तिथून कंपनीची गाडी. गावात तुमचा रुबाब होता. एका दसऱ्याला, मशिनींची पूजा झाल्यावर, घरच्यांना आत सोडलं होतं. तुमचा हॅमर आपल्या घराहून उंच होता. हौसेनं तुम्ही आम्हाला एक घाव मारून दाखवलात. लालभडक लोखंडावर ते धूड आदळलं, पायाखालची जमीन उडाली, माझे दात एकमेकांवर आपटले, ठिणग्या पार आमच्या पायांपर्यंत आल्या, आणि मी उभ्या उभ्या परकर ओला केला. आई कानांवर हात दाबून खाली बसली होती. तुम्ही हसत होतात. तुमच्या शेजारी सांडशी धरून आईचा धाकटा भाऊ, माझा मामा उभा होता, तोही हसत होता. तुम्हीच त्याला कामाला लावलं होतं. तो सांडशीनं तापलेलं लोखंड घावाखाली धरायचा, तुम्ही दांडा ओढून घाव घालायचात. दिवसभर. असल्या एका घावानंतर माझे कान संध्याकाळपर्यंत वाजत होते.

तुम्हाला कमी ऐकू येतं हे घरात कुणीच म्हटलं नाही. आम्हाला वाटायचं, तुम्ही तापट आहात. एक संध्याकाळ सांगते. तुम्ही जेवायला बसलेले, आई चुलीपुढं. ती म्हणाली, "भाकरी गार झालीय, थांबा, तव्यावर टाकते." तुम्ही मान वर केलीत. "काय म्हनलीस?" ती पुन्हा म्हणाली, जरा हळूच, कारण ती घाबरली होती. "मला भिकारी म्हनतीस व्हय?" म्हणालात, आणि चुलीवरचा तवा हातानंच उचलून तिच्याकडं भिरकावलात. तुमच्या हाताला त्याचा चटका बसला की नाही कुणास ठाऊक. आईची भुवई फुटली. मी मध्ये पडले, तर माझी वेणी धरून तुम्ही मला भिंतीवर आपटलंत. रक्त आणि राख एकत्र होऊन आईच्या गालावरून ओघळत होतं आणि ती तोंडानं फक्त "भाकरी, भाकरी" असं म्हणत राहिली. त्यानंतर तुम्ही घरात असलात की आम्ही दोघी बोलायचंच बंद केलं. तर त्याचाही तुम्हाला राग. ओठ हलताना दिसले की, "माझ्यामागं काय कुजबुजताय?" आणि हलले नाहीत की, "तोंडं का शिवलीयत?" आईच्या अंगावर अख्खी जागा अशी राहिली नाही.

कारखान्यात कानांचे बोळे तेव्हाच आले होते, हे मला फार पुढं मामानं सांगितलं. सुरक्षेचा नवा साहेब आला, डबा उघडून प्रत्येकाच्या हातावर दोन दोन बोळे ठेवत निघाला. तुम्ही विचारलंत, "ह्ये काय, कर्नफुलं?" सगळे हसले. साहेबानं समजावलं की कान एकदा गेला की परत येत नाही. तुम्ही त्याच्या हातातला डबाच घेतलात आणि भट्टीत टाकलात. साहेब काही बोलायला गेला, तर त्याची कॉलर धरून त्याला भट्टीच्या तोंडाशी नेलंत. म्हणालात, "तुला बी टाकू का?" मामा सांगायचा, त्या दिवशी सगळं खातं टाळ्या वाजवत होतं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

मग तो दिवस. लोखंड साच्यात अडकलं म्हणून मामानं सांडशी टाकली आणि आखूड सळई घेऊन हात आत घातला. "थांबा दाजी," तो ओरडला. पुन्हा ओरडला. पलीकडच्या भट्टीवरच्या लोकांना ऐकू गेलं. तुम्ही त्याच्या हातभर अंतरावर होतात, नजर भट्टीकडं, हात दांड्यावर. तुम्ही दांडा ओढलात. तुम्ही घरी आलात तेव्हा तुमच्या छातीवर, दाढीवर, कानाच्या पाळीवर रक्त वाळलेलं होतं. आईला वाटलं तुम्हालाच लागलंय, ती पाणी घेऊन धावली. तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या भावाचा हात." एवढंच. ती काय म्हणाली ते तुम्हाला ऐकू आलं नाही, मला आलं. ते मी इथं लिहीत नाही.

आईचे थोरले दोन भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी आले. अंगणात तुम्हाला बाहेर ओढलं आणि मारलं. काठीनं, लाथांनी, शेवटी एकानं बैलाच्या जुवाची खीळ उचलली. तुम्ही हात वर केला नाहीत. आपल्या घरात मार खाणारा माणूस कसा गुडघे पोटाशी घेतो ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही तेही केलं नाहीत. थोरला मामा ओरडत होता, "त्यो हाका मारत हुता, ऐकू येत न्हाई का तुला?" तुम्ही त्याच्या ओठांकडं बघत होतात. नाकातून रक्त येत होतं. म्हणालात, "न्हाई. न्हाई ऐकू येत मला." मी दारात उभी होते. ते मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आईनं मध्ये पडून खीळ धरली, ती आडवी पडली नसती तर तुम्ही त्याच दिवशी गेला असता. त्या दिवसापासून आई तुमच्याशी ओरडून बोलायला लागली.

बरे झाल्यावर कारखान्यानं तुम्हाला हॅमरवरून काढून सामानाच्या खिडकीवर बसवलं. शिफ्टच्या सुरुवातीला माणसं यायची, तुम्ही सांडशी, हातमोजे, एप्रन द्यायचात. आणि तिथं तुम्ही नवं सुरू केलंत. "आधी कान, मग सांडशी." बोळे घातल्याशिवाय खिडकीतून काही मिळायचं नाही. तेवढ्यावर तुमचं समाधान होईना. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकाचा कान पिरगाळून बघायचात, बोळा सैल असला तर अंगठ्यानं आत दाबायचात, माणूस कळवळेपर्यंत. एक जण तुम्हाला "बहिऱ्या" म्हणाला आणि बोळे तुमच्या तोंडावर फेकून गेला. तुम्ही खिडकीतून उडी मारून त्याच्यामागं धावलात, त्याला खात्याच्या मधोमध जमिनीवर पाडलंत, छातीवर बसून थोबाडीत मारत मारत त्याच्या दोन्ही कानांत बोळे कोंबलेत. चार माणसांनी तुम्हाला ओढून काढलं. त्याचा एक दात पडला होता, ओठ फाटला होता. बोळे कानात होते.

चौकशी बसली, युनियन त्याच्या बाजूनं. बरोबरच होतं. साहेबांनी तुम्हाला विचारलं की काही सांगायचंय का, तर तुम्हाला प्रश्नच कळला नाही. तेव्हा साक्षीला बोलावलेला मामा उठला. मनगटाशी संपलेला हात त्यानं टेबलावर ठेवला. म्हणाला, "ह्यांनी मला बी असंच पाडून घातले असते, आन् स्वतःबी घातले असते, तर आज मी दोन हातानं भाकरी मोडली असती. मारलं ते वाईट. घातले ते ऱ्हाऊ द्या." एक साहेब होता, पेठेतला असणार, तो कोरडेपणानं म्हणाला, "म्हणजे आपण आता कामगारांना कामावर घेण्याऐवजी मारावर घ्यायचं का?" कुणी हसलं नाही. तुम्हाला काही दिवस घरी बसवलं आणि मग खिडकीवर परत घेतलं, अट एकच, कुणाला हात लावायचा नाही. तुम्ही ती पाळलीत. बोळे दिसले नाहीत की खिडकी लावून घ्यायचात आणि आत गप्प बसायचात. बाहेर फोरमन शिव्या देत असायचा, त्या तुम्हाला ऐकू येत नव्हत्या हे बरंच होतं. घरात मात्र अशी अट कुणी घातली नव्हती. आईला तुम्ही त्यानंतरही मारलंत. कमी, पण मारलंत. ते मी विसरून लिहिलं तर हे पत्र खोटं होईल.

तुम्ही गेलात ते हमरस्त्यावर, वारज्याच्या पुलाजवळ, दूध घेऊन येताना. मी पोचले तेव्हा तुमच्यावर कुणीतरी पोतं टाकलं होतं आणि लोक ट्रकवाल्याला मारत होते. कोवळा होता तो. त्याचा डोळा बंद झाला होता आणि तो एकसारखा म्हणत होता, "हॉर्न दिया मैंने, हॉर्न दिया." कुणीतरी दगड उचलला. मी ओरडले, "ते बहिरे होते, सोडा त्याला, ते बहिरे होते." त्या गलक्यात कुणाला काही ऐकू जाईना. शेवटी मी त्याच्या अंगावर पडले. पहिला दगड माझ्या खांद्याला लागला, मग थांबले. तुमच्याबद्दल तो शब्द मी चारचौघांत तेव्हा प्रथम उच्चारला.

आजच्या त्या पोराचं सांगायचं राहिलं. हात खाली घेतला आणि त्याला दंडाला धरून गाडीत नेलं, खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. सांगितलं, आवाज आला की बटण दाब. जाड आवाजांना त्यानं दाबलं. मग बारीक आवाज सुरू केले. तो वाट बघत बसला होता, बोट बटणावर, अगदी शहाण्यासारखा. मी आवाज वाढवत गेले. थोड्या वेळानं काचेतून माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "मॅडम, अजून चालू नाही केलं का?"

चालूच होतं, अण्णा.

त्याला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, परत येईल का. मी म्हटलं, गेलंय ते नाही येणार, उरलंय ते राखता येईल, आणि मशीन ओळखायला तेच लागणार आहे. त्यानं नवे बोळे मागितले. कसे घालायचे ते मी दाखवलं, कान वर ओढून, बोळा मळून, हळूच. त्याला दुखलं नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. नको. तिचे कान अजून चांगले आहेत, डोळे गेलेत. ती आजही घरात तुमच्या वेळच्या आवाजात बोलते, मीठ मागायचं तरी साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा सांगून गेल्या, "अहो, जरा हळू बोलायला सांगा त्यांना." मी हो म्हणते. आईला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.