धारेचा गोटा

बाबा, पट्टा तिसऱ्यांदा निसटून मांडीवर पडला तेव्हा मी मोटर बंद केली आणि वरच्या पुलीचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. चौथ्यांदा पट्टा जागेवर राहिला. तीन पुल्या, मोडीत निघालेल्या धानगिरणीची मोटर, लोखंडी चौकट आणि तिच्यावरून फिरणारा घासकागदाचा लांब पट्टा, एवढंच हे यंत्र. सुरीच्या पात्याला उतार काढायचा आणि धार द्यायची. तयार मिळतं, पण ते उभं राहून काम करणाऱ्यांसाठी केलेलं असतं. आपण बसून काम करतो. मी जमिनीवर बसलो, कोपर मांडीला टेकवलं, हात जिथे पोचला तिथे खडूने खूण केली आणि त्या मापाने चौकट कापून घेतली. वेल्डिंगवाला हसला. "एवढं बुटकं? पोट्ट्यायले खेळाले बनवून रायले का भाऊ?" पट्टा तुटला तर सरळ तोंडावर येईल, हेही त्यानेच दाखवलं. मग समोर पत्र्याचं झाकण बसवलं. उंची बदलली नाही. उभं राहून माझ्या हाताला धार कळत नाही.

याच्यात गोटा नाही. त्यासाठीच हे केलं. तुम्ही गेल्यापासून आपल्या पडवीत धारेचा गोटा, ते दगडी चाक, फिरलेला नाही. बावीस वर्षं मी कानशीने धार काढतो आहे. आंधळगावच्या बाजारात लोक विचारत, "लोहार असून कानस घासतेस? सुताराच्या घरी जावई गेला होता का बे?" मी हसत असे. आता विळे कमी झाले, सुऱ्यांचं काम वाढलं, नागपूरच्या खाणावळी मागवतात. आणि उजवा खांदा वर जात नाही.

गोटा आसावर चढवण्याआधी तुम्ही तो वाजवत होता. लाकडी मूठ घेऊन चारी बाजूंनी एकेक टोला. धड गोटा खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द. एकदा मी दोनच टोले मारले तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलं होतं. "बाजारात मडकं घेतेत त बाया चारी अंगानं वाजवून घेतेत. मडकं फुटलं त पाणी सांडते. हा फुटला त काय सांडन?" ओरडला नाहीत. वर्षभराने ते काम माझ्याकडेच दिलंत. तुम्ही कुणाच्या कामावर सहसा विसंबत नव्हता. माझ्या वाजवण्यावर विसंबू लागलात. मला तेव्हा त्याचं विशेष वाटलं नाही.

धानकापणीचे दिवस होते. आईला पडवी सारवायची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी तुम्ही गोटा उतरवून भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी ओट्यावर सात-आठ जण विळे घेऊन बसले आहेत. मी अंगणात आरशासमोर दाढी करतो आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष, मोहाडीची बस सव्वानऊची. आतून भात्याचा आवाज येतो आणि त्याच्यावरून तुमचा. "गोटा वाजवला का रे?" माझ्या गालाला साबण आहे. मी म्हणतो, "हो, वाजवला." चुलीपाशी आई आहे, तिलाही ते ऐकू जातं. तुम्ही गोटा चढवता, मोटर सुरू करता. दुसरा गाल व्हायच्या आत तो फुटतो. एक तुकडा छपराच्या पत्र्यातून वर गेला. एक तुमच्या गळ्याला लागला. मोहाडी येईपर्यंत तुम्ही जीपमध्येच गेला होता. माझी उरलेली अर्धी दाढी न्हाव्याने नदीवर केली.

तुम्हाला नदीवर नेण्याआधी अंगणात तुमच्याजवळ बसून आईने सगळ्या गावासमोर सांगितलं. सारवताना गोटा तिच्या हातून कलंडला होता आणि उंबऱ्यावर आपटला होता. तुम्ही रागवाल म्हणून ती बोलली नाही. "माह्या हातानं पडला जी. मीच मारलं तुमाले." बायांनी तिचे हात धरून ठेवले. नशिबाचं असते, म्हणाल्या. मी तुमच्या पायाशी उभा होतो.

आज दुपारी यंत्राचा आवाज ऐकून ती पडवीच्या दारापर्यंत आली. इतक्या वर्षांत तिने इथे पाय ठेवलेला नाही. मी मोटर बंद केली.

"याच्यात गोटा नाही न?"

"नाही माय. कागद आहे."

"हात लावून पाहू?"

"पाह्य न."

तिने एक बोट पट्ट्याला लावलं आणि काढून घेतलं. मग पट्ट्याकडे पाहतच म्हणाली, "तवा तू त वाजवला होता. चांगला वाजला म्हून त त्यायनं चढवला. वाजवूनई समजलं नाही कोणाले. एवढा आतून फोडला होता मी त्याले."

ती रडत नव्हती. हे तिने फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं. माझा एक शब्द बावीस वर्षं तिच्याविरुद्ध साक्ष देतो आहे, आणि ती साक्ष तिने एकदाही तपासली नाही, कारण मुलगा खोटं कशाला बोलेल. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "चहा मांडतेस का थोडा?" तिने मांडला.

तुम्हाला लिहितो आहे, कारण तुम्हाला सांगायला धीर लागत नाही. तुम्हाला फार तर एक क्षण कळलं असेल, आणि तो क्षण संपला. ती अजून आहे. घरात दोनच माणसं आहेत आणि जेवताना आम्ही समोरासमोर बसतो. पत्र कुठे टाकायचं नाही, हे पहिल्या ओळीपासून माहीत आहे, म्हणूनच एवढं लिहून झालं. आणखी एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी अंगणात ती "मीच मारलं" म्हणाली तेव्हा, रडू फुटण्याच्या आधी, मला हलकं वाटलं होतं.

पत्र लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई सुपात तांदूळ निवडत होती, तेव्हा मी तिला त्या दिवशीचं खरं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "वाजवलाच नोयता?" "नाही वाजवला," मी म्हणालो. तिने सूप खाली ठेवलं, दोन लुगडी पिशवीत भरली आणि भंडाऱ्याच्या बसने निघाली, तिथून पुढे आसगावला, मामाकडे. स्टँडपर्यंत मी सोबत गेलो. पिशवी तिने माझ्या हातात दिली नाही.