तार ताणली की खांब झुकला

बाई, कॉलेज सुटल्यावर मी तुम्हाला कधी भेटायला आले नाही, आणि तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही आले नाही. मग आज एवढ्या वर्षांनी कशाला लिहायला बसले? संध्याकाळपासून चहा गरम करते आहे आणि तो तसाच राहतो आहे. जीव थाऱ्यावर नाही, आणि त्याला तुम्हीच कारण आहात.

मी आता सातपूरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये असते. वस्तू ओढायची, किती जोर लावला आणि ती किती लांबली ते मोजायचं, त्यावरून तिचा ताठपणा काढायचा. कॉलेजात तुमच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत हेच करायचो की. छताच्या तुळईला दोन तारा टांगलेल्या, एकीला वजनं लावायची, दुसरी नुसती शेजारी लोंबणार. हिचं काम काय, असं मी वैतागून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुळई वाकली तर दोन्ही तारा खाली येतील. आपल्याला तार मोजायची आहे, छत नाही." मग तुम्ही माझा आलेख उचललात, चष्मा वर सरकवलात. मी रेघ ओढून ताणून शून्यातून नेलेली, सगळे तशीच नेतात. "तारेत बाक असतो, पहिली वजनं तो काढण्यातच जातात. उत्तर आधीच ठरवून आली असशील तर प्रयोग कशाला करतेस?" सगळ्या वर्गासमोर. मी मान खाली घातली आणि मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

आज चांदवडकडची एक शेतकरीण आली होती, पिशवीत प्लास्टिकच्या तारेचा तुकडा घेऊन. द्राक्षाच्या मांडवाला हल्ली लोखंडी तारेऐवजी हीच लावतात. घड भरले आणि तिचा मांडव मधे खाली बसला. "दीर म्हणतात, आमच्या मालकांनी खांब नीट रोवले नाय. मालक म्हणतात, तारच खराब. घरात लय बोलाचाली झाली, ताई. आता वेगळं निघायची भाषा चाललीय." तिने मशीनकडे बघितलं. "तार खराब हाय, एवढं कागदावर आलं तर मिटंल सगळं."

पहिल्यांदा ओढलं आणि आकडा कमी आला, चांगलाच कमी. तार खराब. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिला पाणीसुद्धा आणून दिलं. तोंडावर आलेलं वाक्य बोलणार, तेवढ्यात मशीनच्या जबड्यापाशी तारेवर बारीक खरवडल्याची खूण दिसली. तार सटकत होती. मी मोजलं होतं ते जबड्यातलं सटकणं, तारेचं लांबणं नाही. तुमचं छत, बाई. त्या क्षणी तुमचा असा राग आला म्हणून सांगू. कोण विचारणार होतं? तो तारेचा कारखानदार कुठला, मी कुठली.

पण हात ऐकेनात. पकड बदलली, लांबी मोजणारा चिमटा थेट तारेवरच बसवला, आधी थोडा ताण देऊन बाक काढला आणि पुन्हा ओढलं. मग आणखी एकदा. तार चांगली निघाली, अगदी कारखान्याने सांगितली होती तशीच.

मी तिला सांगितलं, तार बदलू नका, टोकाचे खांब आत झुकले असतील, त्यांना मागून धरणारे दगड खोल गाडून घ्या, याच तारेवर मांडव उभा राहील. खर्चही वाचेल. ती ऐकत होती.

"म्हंजी चूक आमच्याच माणसाची," ती म्हणाली. मग उरलेला तुकडा पिशवीत ठेवत, "घरी कसं सांगू, ताई?"

बाई, आकडा खरा कसा काढायचा ते तुम्ही शिकवलंत. तो माणसाच्या हातात कसा द्यायचा, हे तुम्हाला तरी येत होतं का? मला नाही वाटत. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. तिने विचारलं तेव्हा मी मशीन पुसत बसले. दाराचा आवाज झाला तेव्हाच वर बघितलं.