चौसिंगीचं पाडस आणि तुझी लुना

आई, गवतात सापडलेलं चौसिंगीचं, म्हणजे त्या बुटक्या रानहरणीचं, पाडस पदरात गुंडाळून तू जीपकडे आलीस, तेव्हा बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वनखात्यातला माणूस, आणि बायकोच्या पदरात जंगलातलं जनावर! मी आठवीत होते. बाबांच्या दौऱ्याला लटकून आपण दोघी अभनपुरच्या पुढच्या जंगलात गेलो होतो. "कशी माय आहे ही! लेकराले एकटं टाकून गेली," तू तणतणत होतीस. बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "टाकलं नाही, लपवलं तिनं. इथंच आसपास असन ती."

"आसपास कुठं? मले त दिसून नाही राहिली."

"तुले दिसली, त बिबट्याले नाही दिसणार काय?"

पाडस जागेवर ठेवून आपण लांब जीपमध्ये दबून बसलो. तू अजून पुटपुटते आहेस, बाबा ओठांवर बोट ठेवताहेत, आणि सागाच्या आडून ती येते. एक पाय उचलून थांबते, कान फिरवते, पुन्हा थांबते. पाडस उठून ढुशा देत पितं. मग ती त्याचं बूड चाटून लख्ख करते, बिबट्याला वास लागू नये म्हणून. तू बाबांच्या कानाशी कुजबुजलीस, "पाहा! तुम्ही कधी एक लंगोट तरी धुतला काय?" चौसिंगीने पाडस दुसऱ्या गवतात बसवलं आणि पुन्हा निघून गेली. घरी येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. बाबा घाबरले.

तोवर शंकर नगरातल्या घरून तू मला हात धरून शाळेत न्यायचीस. आठवीतल्या पोट्टीला! मुली हसायच्या, मी रडायची, तू ऐकायची नाहीस. त्या सोमवारी मात्र म्हणालीस, "जाय, एकटी जाय." मी ऐटीत निघाले. दुसऱ्या वळणावर मैत्रीण म्हणाली, "वो लूना वाली तेरी मम्मी है ना?" रसाच्या गाड्याआड लुना मोपेडवर तू, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर बाबांचा काळा चष्मा. "नहीं, कोई और है," मी म्हणाले.

शेवटी तू हे जग सोडून गेलीस, पण तुला सांगायचं राहिलंच. तू मागे आहेस, हे मला रोज कळायचं. कधी लुनाचा आवाज आला नाही, तर मी बुटाची नाडी बांधायला थांबायची.

हे लिहिते आहे तेलीबांध्याला, लेकीच्या क्लासबाहेर, नारळवाल्यामागे गाडी लावून. तिला वाटतं, मी ऑफिसात आहे. आत्ताच तिचा मेसेज आला, "मम्मी, दिख रही हो." मी होकारादाखल नुसतं "हव" लिहिलं आणि गाडी थोडी मागे घेतली.