लाल पेन्सिलीच्या खुणा

३ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कवळ्यांच्या कारखान्यात तुला स्वतःचं टेबल मिळालं हे वाचून मी शेजारणीला हाक मारून सांगितलं. तिनं लगेच विचारलं, भाची स्वस्तात कवळी करून देईल का. मी म्हटलं, आधी दात पडू देत. तू फोन करायला सांगतेस, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू गिळतेस. तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. आपला होया पिवळा पडतोय. तुझ्या आतोबांनी बावीस वर्षांपूर्वी वीतभर तुकडा आणून लावलेला, खिडकीला तीन वेढे घालून कपाटावर चढलेला तो वेल. पानं मऊ पडलीत, रोज दोन-चार गळतात. मी पाण्यात कसूर केलेली नाही. ते दर रविवारी झारी घेऊन खिडकीशी जायचे आणि कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं खूण करायचे. ते गेल्यापासून मीही दर रविवारी पाणी घालते. त्यांच्या झारीला हात लावायचं धाडस होत नाही, म्हणून माझ्या मोठ्या पेल्यानं घालते. पानं सुकलेली दिसतात म्हणून आता बुधवारीही एक पेला देते.

दर ऑगस्टात त्याला मेणाच्या चांदण्यांसारखी फुलं येतात, तुला ठाऊकच आहे. येणारा ऑगस्ट ते गेल्यावरचा पहिलाच. तो वेल गेला तर मला ते दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. स्पष्टच लिहिते. सोबत पाच चांगली पानं पाठवतेय, तुझ्याकडे लावून बघ.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. आहे तेवढी माया पुरवून पुरवून वापर, पत्र मात्र लवकर टाक.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तो पेला कपाटात ठेव आणि कपाटाला कुलूप लाव. मग पुढचं वाच.

तुझी पानं पोचली. सुंदर आहेत, पण उपयोगाची नाहीत. नुसत्या पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं आणि पानाचं पानच राहतं. वेल पुढे वाढायला पेर लागतं, म्हणजे जिथून पानांची जोडी निघते ती गाठ. आयुष्यभर शिवणकामात दुसऱ्यांच्या कापडाला बेधडक कात्री लावणारी तू, या वेलाला कात्री लावायला घाबरलीस ना? मला इथे बसून कळतं.

पानं मऊ आणि माती ओली, म्हणजे मुळं कुजताहेत. कुंडीतून काढून बघ. वरचा, कपाटावरचा भाग अजून टणक असेल, तिथले तुकडे काप. प्रत्येकात दोन पेरं हवीत, काप खालच्या पेराच्या जरासा खाली. पांढरा चीक येईल, तो धुऊन टाक, ओल्या कागदात गुंडाळ आणि त्याच दिवशी टपालात टाक. आत्या, मला इतका हुरूप आलाय की मी आजच शेवाळाची पिशवी आणून ठेवलीय. ऑगस्ट अजून लांब आहे.

लोभ असू दे. पाण्याला मात्र आवर घाल.

तुझी घाईबाई


२० फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

कुंडी उपडी केली. मुळं काळी, हाताला बुळबुळीत आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. कात्री घेऊन स्टुलावर चढले, दोनदा उतरले, तिसऱ्यांदा कापलं. चार तुकडे पाठवतेय. त्यातल्या एकाला बोटाच्या पेराएवढं वाळकं खुंट आहे. ते काढू नकोस. दर वर्षी तिथेच फुलं येतात, हे तुझे आतोबा मला प्रत्येक ऑगस्टात नव्यानं सांगायचे.

एक गोष्ट मात्र मला खाते. ते बावीस वर्षं दर रविवारी पाणी घालत होते, वेलाला काही झालं नाही. जुनी कॅलेंडरं मी बघितली, एकही रविवार चुकलेला नाही. आणि मी पाच महिन्यांत वेल कुजवला. विजेचे मीटर वाचणारा माणूस तो, जन्मात खोटी नोंद केली नाही. म्हणजे चूक माझ्याच हातात आहे. तुकडे तुझ्याकडेच राहू देत, इथे पाठवू नकोस.

आठवण ठेव.

तुझी आत्या


१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुळं आली. पांढरी, तांदळाएवढी, दोन तुकड्यांना. बाकीचे दोन वाटेतच काळे पडले होते, त्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. खुंटवाला वाचलाय.

झालं असं की माझी खोली थंड, म्हणून मी तुकडे कारखान्यात नेले. आमच्याकडे मेण मऊ करायला गरम पाण्याचं भांडं दिवसभर चालू असतं. त्याच्या झाकणावर कवळ्यांच्या डब्या ठेवल्या, डब्यांत ओलं शेवाळ, शेवाळात तुझे तुकडे. बुडाला ऊब, वरून उजेड. मालकांनी विचारलं की हे कुणाचे दात. मी म्हटलं, आत्याचे. ते डबीत डोकावले आणि आता माझ्याआधी तेच येऊन बघतात.

तुझं पत्र आलं नसतं तर मी खुंट छाटलंच असतं. जिथे काही वर आलेलं दिसेल ते घासून सपाट करायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. कानस हातात होती. तुझं वाक्य आठवलं आणि हात मागे घेतला.

आता तुझ्या प्रश्नाचं. या वेलाची पानं स्वतःच पाणी साठवतात. तुझ्या त्या काळ्या जड मातीत दर आठवड्याला पाणी घालून तो बावीस वर्षं जगणं शक्य नाही. आतोबांची झारी खाली काढ आणि तिच्यात किती पाणी मावतं ते मला कळव. हिशेब जुळत नाही तोवर मला चैन नाही.

माया कमी करू नकोस आणि स्वतःला बोल लावणं बंद कर.

तुझी घाईबाई


२७ मार्च

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

झारीत पाणी मावतच नाही. झारी भरलेली आहे.

काल हिंमत करून ती फळीवरून काढली. तोटीत कोळ्याचं जाळं. आत हात घातला तर संत्र्याच्या गोळ्या, आणि गोळ्यांच्या खाली नुसते कागद, नीट घड्या घातलेले. नऊ वर्षं मी त्या माणसाची साखर सांभाळली. चहा फिका, बिस्किटं कुलपात. दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे की एवढं पथ्य करूनही आकडा थोडा वरच कसा, आणि हे निरागस चेहऱ्यानं माझ्याकडे बघायचे. मी जमिनीवर बसून इतकी हसले की शेजारीण धावत आली, आणि ती आली तेव्हा मी रडत होते.

मग राग आला. म्हणजे दर रविवारची खूण खोटी? त्या रागात त्यांची नोकरीतली वही काढली. प्रत्येक घरापुढे तीच लाल खूण, आणि पहिल्या पानावर त्यांच्या हातानं लिहिलेलं: खूण म्हणजे पाहिलं.

तेव्हा डोळ्यांसमोर आलं. दर रविवारी झारी बगलेत घेऊन ते खिडकीशी उभे राहायचे आणि एक पान दोन बोटांत हलकेच दुमडून बघायचे. मी कापडाचा पोत बघते तसं. मग खूण करायचे. ताठ पान असेल तर पाणी कशाला? मऊ पडलं की स्वयंपाकघरातून पातेलीभर घालत असणार. पातेली खिडकीशी सापडायची आणि मी ओरडायचे. मी खुणा बघत राहिले, त्यांची बोटं बघितलीच नाहीत.

जुना वेल गेला. खिडकीभोवतीचे दोरे तसेच ठेवलेत. खुंटवाला तुकडा घेऊन तू ये. टपालावर माझा भरवसा नाही.

वाट बघते.

तुझी आत्या


११ ऑगस्ट

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात तू लावून गेलीस त्या लहान कुंडीत वेल घट्ट बसलाय. मोठी कुंडी देऊ का असं वाटत होतं, पण तू दम दिलेला आठवला. पहिल्या दोऱ्यापर्यंत शेंडा पोचलाय.

आणि आता नीट बसून वाच. त्या वाळक्या खुंटाच्या टोकाला मोहरीएवढ्या गुलाबी कळ्या आल्यात. चौदा. चष्मा पुसून तीनदा मोजल्या. शेजारणीला बोलावलं, तिनंही चौदाच मोजल्या. तुझ्या मालकांना सांग, आत्याचे दात फुलणार आहेत. तू लगेच रजा टाक, उमललं की संध्याकाळी घरभर वास सुटेल.

आज रविवार. झारी बगलेत घेऊन खिडकीशी गेले, एक पान दुमडून पाहिलं. ताठ होतं. पाणी घातलं नाही. कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं खूण केली, झारीतली एक गोळी तोंडात टाकली आणि कागदाची घडी घालून परत आत ठेवली.

ये लवकर, माया इथे साठवून ठेवलीय.

तुझी आत्या